स्टेअरिंगला हात न लावता परदेशातलं थीम पार्क: गेवराई ते सेंटोसा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो, तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन घालून ऐकणारे आणि ऑफिसात बॉसच्या नजरेआड हे वाचणारे, दोघांनाही राम राम.

मागच्या महिन्यात एका ऐकणाऱ्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही सिंगापूरला जाऊन आलात असं कळलं. आमच्या घरात कुणालाच गाडी येत नाही. आम्ही जाऊ शकतो का?" आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे. उत्तर आहे, हो. पण कसं, ते नीट सांगतो.

आधी माझी गोष्ट

मला गाडी येत नाही. म्हणजे चालवू नये असं आहे. अकरावीत असताना मला पहिल्यांदा फिट आली, बसस्टँडसमोर, भर बाजाराच्या दिवशी. लायसन्ससाठी जो फॉर्म १ भरतात ना, त्यात सरळ प्रश्न असतो की तुम्हाला मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का. मी तिथे "हो" लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे लायसन्स नाही.

गेवराईत पंचविशीतल्या पोराला मोटारसायकल येत नाही म्हटल्यावर काय काय ऐकावं लागतं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत. मी शेतावर मित्राच्या मागे बसून जातो. लग्नाला जीपमध्ये जागा उरली तर जातो. "ह्याला कुठं नेता, मधीच काही झालं तर?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मीच ते स्वतःला म्हणायला लागलो होतो.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिने मोबाईलवर युनिव्हर्सल स्टुडिओचा तो फिरणारा पृथ्वीचा गोळा पाहिला आणि विचारलं, "मामा, तू नेशील?" ताईने लगेच तिला गप्प केलं. का गप्प केलं, ते मला कळलं. त्या रात्री मी ठरवलं, न्यायचंच. आणि कुणाच्या गाडीच्या भरवशावर नाही, स्वतः ठरवून.

पार्क निवडायची परीक्षा: तीन प्रश्न

आपण आधी देश निवडतो आणि मग तिथे फिरायचं कसं ते बघतो. गाडी नसेल तर उलटं करा. मी प्रत्येक पार्कला तीन प्रश्न विचारले.

एक, विमानतळापासून मुक्कामापर्यंत रेल्वे किंवा मेट्रो आहे का?
दोन, मुक्कामापासून पार्कच्या दारापर्यंत किती वेळा गाडी बदलावी लागते?
तीन, रात्री पार्क बंद झाल्यावर परतीची सोय राहते का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. सकाळी जाताना सगळेच ताजेतवाने असतात. रात्री पोर खांद्यावर झोपलेलं असतं, तेव्हा खरी परीक्षा.

आता निकाल ऐका. अमेरिकेतलं ओरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, १९७१ चं. सगळ्यात मोठं, पण ते एका शहराएवढं पसरलंय. आतल्या आत त्यांच्या बस, बोटी, मोनोरेल आहेत. पण विमानतळावरून आणि बाकीच्या ठिकाणी जायचं तर तिथली रीत गाडीचीच. शिवाय व्हिसाची मुलाखत. आमच्या यादीतून ते आधी गेलं.

पॅरिसचं डिस्नेलँड १९९२ चं. तिथे उलट आहे. आरईआर ए नावाची लोकल शहराच्या मधून निघते आणि मार्न-ला-व्हॅले शेसी या शेवटच्या स्टेशनवर, पार्कच्या दाराशी आणून सोडते. साधारण चाळीस मिनिटं. पण शेंगेन व्हिसा आणि विमानाचं भाडं आमच्या खिशाच्या बाहेरचं.

टोकियोचं डिस्नेलँड १९८३ चं. जेआर केइयो लाईनने माइहामा स्टेशनला उतरायचं. एकच सांगतो, टोकियो स्टेशनात केइयो लाईनचा फलाट बाकीच्या फलाटांपासून खूप लांब आहे. म्हातारं माणूस सोबत असेल तर ते चालणं हिशेबात धरा.

हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ चं. त्याला तर स्वतःची मेट्रो लाईन आहे. सनी बे स्टेशनवर गाडी बदलली की मिकीच्या आकाराच्या खिडक्या असलेली मेट्रो येते. भारतीयांना तिथे चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे.

आणि सिंगापूर. तिन्ही प्रश्नांना "हो". शिवाय भाषेची भीती कमी, शाकाहारी जेवण हाताशी आणि मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास. आमच्या आईच्या भाषेत, "नांदेडला जायला लागत्यात तेवढंच की!"

कागदपत्रं: इथेच जास्त वेळ जातो

पासपोर्टसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. बीडला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तारीख घेऊन जायचं. साध्या ३६ पानी पासपोर्टला मोठ्यांसाठी १५०० रुपये, लहानांसाठी १००० रुपये. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, लहानांचा पाच.

आमचं कुठे अडलं सांगू? आईच्या आधारवर नावापुढे "बाई" आहे, बँकेच्या पासबुकावर नाही. आपल्याकडे घरोघरी हीच गत. कुठे "बाई" आहे, कुठे नाही, कुठे नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. हे आधी एकसारखं करून घ्या. आमचे त्यात सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत विमानाचं भाडं वाढलं. म्हणून माझा नियम असा: पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

लहान मुलाच्या पासपोर्टला आई आणि वडील दोघांची संमती लागते. भाऊजी येणार नव्हते, पण सही त्यांचीही लागली.

सिंगापूरचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण अधिकृत एजंटामार्फत. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाचे पैसे. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. आणि पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. हे पूर्ण फुकट आहे. याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर तिथून निघा.

एका एजंटाने मला सांगितलं, "फॅमिली आहे तर तिकडे गाडी भाड्याने घ्या, मोकळं फिराल." मी म्हटलं, मला येत नाही. तो हसला. मी पण हसलो आणि उठून आलो.

गेवराई ते विमान

आपल्या गावात रेल्वे नाही. पण गाव हायवेवर आहे, सोलापूर-धुळे रस्त्यावर, त्यामुळे संभाजीनगरला जाणारी एसटी मिळते. आईचं आणि ताईचं महिला सन्मान योजनेतलं अर्धं तिकीट. म्हणजे परदेश दौऱ्याची सुरुवातच सवलतीत!

माझा पहिला बेत असा होता. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबई, दिवसभर मुंबईत आणि रात्रीचं विमान. स्वस्त पडत होतं, एक मुक्काम वाचत होता. तो कागद घेऊन मी संभाजीनगरला माझ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितलं आणि एकच वाक्य बोलले, "सलग दोन रात्री जागरण करणार असशील तर जाऊच नको." अपुरी झोप हे फिट यायचं एक मोठं कारण असतं. मला ते माहीत होतं, पण पैसे वाचवायच्या नादात मी ते बाजूला ठेवलं होतं.

मग बेत बदलला. दुपारी संभाजीनगरहून तपोवन एक्सप्रेस, रात्री सीएसएमटी, जवळच मुक्काम, पूर्ण झोप. दुसऱ्या दिवशी दिवसाचं विमान, म्हणजे सिंगापुरात मेट्रो बंद व्हायच्या आत पोहोचता येतं. तिकीट थोडं महाग पडलं. पण ज्यांना काहीच आजार नाही त्यांनाही मी हेच सांगेन. म्हातारी माणसं आणि लेकरं सोबत असतील तर झोपेचे पैसे वाचवू नका.

मुंबईतली एक चांगली गोष्ट म्हणजे मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली. सीएसएमटीला खाली उतरायचं आणि थेट विमानतळाच्या टी २ स्टेशनला बाहेर यायचं. टॅक्सीवाल्याशी घासाघीस नाही, ट्रॅफिक नाही. फक्त आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, म्हणून तिकिटावर कोणता विमानतळ लिहिलाय ते दोनदा वाचा.

बॅगेत काय नको

हे लक्ष देऊन ऐका. सिंगापुरात तंबाखू, गुटखा, खैनी असलं चघळायचं काहीही नेता येत नाही. ई-सिगारेटही नाही. मामा-काका सोबत असतील तर त्यांचे खिसे घरीच तपासा. दुसरं, खसखस. आपण अनारशावर लावतो, मसाल्यात घालतो, ती खसखस तिकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दुबईतही खसखशीला बंदी आहे. आईने प्रेमाने बांधलेले अनारसे आम्ही घरी ठेवून गेलो. आई म्हणाली, "खसखशीला बी घाबरतं व्हय ते सरकार?"

औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्या मूळ पाकिटात आणि हातातल्या बॅगेत. सामानात टाकायच्या नाहीत. झोपेच्या काही गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि फिटच्या उपचारातल्याही काही गोळ्या न्यायला आधी परवानगी लागू शकते. त्यांच्या हेल्थ सायन्सेस अथॉरिटीच्या साइटवर तुमच्या औषधाचं नाव तपासा. प्रवास विमा घेताना आजार लपवू नका. आधीपासूनचा आजार पॉलिसीत धरलाय का, ते वाचूनच घ्या.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. माझी गोळी सकाळी आठ आणि रात्री आठची. डॉक्टरांना विचारून मी तिकडे साडेदहाचे दोन अलार्म लावले. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

मुक्काम कुठे: नकाशा उलटा वाचा

इथे माझी सगळ्यात कामाची टीप. हॉटेल शोधताना "पार्कजवळ" असं शोधू नका. सेंटोसा बेटावरची हॉटेलं महाग आहेत. "पार्कच्या लाईनवर" असं शोधा.

सेंटोसाला जायचं स्टेशन आहे हार्बरफ्रंट. ते जांभळ्या रंगाच्या नॉर्थ ईस्ट लाईनचं शेवटचं स्टेशन. त्याच लाईनवर लिटल इंडिया आणि फेरर पार्क ही स्टेशनं आहेत. म्हणजे लिटल इंडियात राहिलं की सकाळी एकच गाडी, एकदाही बदलायची नाही आणि शेवटच्या स्टेशनला उतरायचं. स्टेशन चुकायची भीतीच नाही. वर इडली, डोसा, पोळी-भाजी खाली उतरलं की समोर. १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास तिथेच आहे.

चांगी विमानतळावरूनही सोपं आहे. मेट्रोत बसायचं, पुढच्याच एक्सपो स्टेशनला उतरून डाऊनटाऊन लाईन धरायची, ती थेट लिटल इंडिया. एकदाच बदल. आईने सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला वेळ लावला, तेवढाच काय तो उशीर.

तिकीट काढत बसायचं नाही. तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं बँक कार्ड मेट्रोच्या गेटवर चालतं. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर गेटसमोर उभे राहाल. परदेशी कार्डाला ज्या दिवशी वापराल त्या दिवसाचे ०.६० डॉलर जास्त लागतात. एका कार्डावर एकच माणूस. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना मोबाईल, असं केलं तर मशीनला ती दोन माणसं वाटतात. आई आणि भाचीसाठी आम्ही स्टेशनवर ईझी-लिंक कार्डं घेतली.

मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, ५०० डॉलरपर्यंत दंड. पाण्याचा घोटसुद्धा फलाटाबाहेर येऊन घ्या.

पार्कचा दिवस

हार्बरफ्रंटला उतरलं की वर व्हिवोसिटी नावाचा मॉल. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस सुटते. जाताना ४ डॉलर, येताना फुकट. चालायची हौस असेल तर समुद्रावरून सेंटोसा बोर्डवॉक आहे, पण ते पाय आत रांगेत लागणार आहेत, हे लक्षात ठेवा. पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड. उतरून थोडं चाललं की तो गोळा समोर दिसतो.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. मोठ्यांचं ८० सिंगापूर डॉलरच्या पुढे, चार ते बारा वर्षांच्या मुलांचं थोडं कमी, चारच्या आतल्यांना लागत नाही. दरवाजा उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. पहिल्या तासात ज्या राइड होतात, त्याच दुपारी तासन्‌तास रांग लावतात. दुपारी पाऊस येऊ शकतो आणि वीज कडकडली की बाहेरच्या राइड थांबवतात. म्हणून बाहेरच्या आधी, छताखालच्या नंतर.

आणि उंची. मुलांची उंची घरीच मोजून घ्या. कॅनोपी फ्लायरला ९२ सेंटिमीटर, ट्रान्सफॉर्मर्सला १०२, ज्युरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७, ममीला १२२ आणि त्या उंच दुहेरी रोलर कोस्टरला १२५. आमची भाची ११८. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली तेव्हाच तिला सांगितलं, ममी नाही. ती रडली, पण घरी रडली. पार्कच्या दारात, दोन देश ओलांडून आल्यावर रडणाऱ्या बऱ्याच पोरांना मी तिथे बघितलं.

आता माझं. राइडच्या बाहेर पाट्या असतात. हृदयविकार, गरोदरपण, पाठ-मान आणि चमकणाऱ्या दिव्यांनी फिट येणारे. ट्रान्सफॉर्मर्सच्या बाहेर मी ती पाटी वाचली आणि थांबलो. भाची म्हणाली, "मामा, चल ना." मी म्हटलं, "माझी उंची जास्त झाली." ती हसली. ताई तिला घेऊन आत गेली.

मी आणि आई बाकावर बसलो. माझ्या खिशात एक कार्ड होतं. नाव, आजार, गोळी, हॉटेलचा पत्ता आणि तिकडच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर, ९९५. ताईकडेही तसंच एक होतं. भाचीलाही सांगून ठेवलं होतं की मामा पडला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. नऊ वर्षांच्या पोरीला हे येतं. गावातल्या किती मोठ्यांना येतं?

बाकावर आईने मला विचारलं, "परत जायचा रस्ता ध्यानात हाय ना तुझ्या?" मी तिला जांभळी लाईन, शेवटचं स्टेशन, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बरंय." एवढंच. पण घरून निघताना हाच प्रश्न ती ताईला विचारत होती. आता मला विचारत होती.

जिथे चुकलो

दोन चुका. एक, स्टेशनातून बाहेर पडताना कोणत्या अक्षराचं दार, ते बघितलं नाही. तिकडे प्रत्येक दाराला ए, बी, सी अशी अक्षरं असतात. चुकीच्या दाराने निघालो आणि उन्हात वीस मिनिटं फिरलो. मॅपमध्ये बसची खूण दाबली की तो दारही सांगतो, ते वाचा. दुसरी, परतीच्या रात्री मेट्रोसाठीच अडून बसलो. भाची झोपली होती, आई दमली होती. शेवटी ॲपवरून टॅक्सी केली. गाडी चालवायची नाही म्हणजे गाडीत बसायचंच नाही, असं थोडंच आहे? दोन टॅक्सींचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा.

थोडक्यात, स्क्रीनशॉट काढा

आधी तीन प्रश्न, मग देश.
नाव सगळ्या कागदांवर एकसारखं, मग पासपोर्ट, मग तिकीट.
दिवसाचं विमान आणि आधी पूर्ण झोप.
हॉटेल पार्कजवळ नको, पार्कच्या लाईनवर हवं.
माणशी एक कार्ड.
उंची घरी मोजा, गोळ्या हातात ठेवा.
दोन टॅक्सींचे पैसे बाजूला.

मला फिट आली का, असं सगळे विचारतात. तिकडे नाही आली. आली असती तरी हा भाग मी केलाच असता. कारण काय करायचं ते चौघांपैकी तिघांना माहीत होतं, आणि चौथा मी.

परवा भाचीला दाराच्या चौकटीला उभं केलं. पेन्सिलची नवी खूण १२० वर आली. तिने मला विचारलं, "मामा, ममीसाठी अजून किती?" मी म्हटलं, "दोन सेंटिमीटर आणि माझे दोन वर्षांचे पैसे."

तुमच्या घरात कुणाला गाडी येत नसेल, तर हा भाग त्यांना पाठवा. तुमचा बेत मला व्हॉइस मेसेजवर सांगा, तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांसकट. भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा आणि वेळेवर झोपा.